बाकावरची पाच मिनिटं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मुलुंड स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर माझा दवाखाना आहे. १९८८ साली तो सुरू केला तेव्हा फर्निचरवर खर्च करण्याची ऐपत नव्हती. एक टेबल, दोन खुर्च्या, तपासणीची एक खाट आणि बाहेरच्या खोलीत एक लाकडी बाक, एवढ्यावर काम सुरू झालं. पुढे टेबल बदललं, खुर्च्या बदलल्या, बाक मात्र तोच आहे. आज मला तुमच्याशी रोजच्या ताणाबद्दल आणि चांगल्या सवयींबद्दल बोलायचं आहे. पण सुरुवात या बाकापासून करतो, कारण या विषयातलं मला जे थोडंफार कळलंय, ते पुस्तकांपेक्षा या बाकानंच जास्त शिकवलंय.

संध्याकाळी सात ते साडेनऊ ही आमची गर्दीची वेळ. फास्ट गाडी येऊन गेली हे कळायला मला घड्याळ बघावं लागत नाही. दार ढकलून एकदम चार-पाच माणसं आत येतात. कपाळावर घाम, शर्ट चुरगळलेला आणि सॅक छातीशी धरलेली. गर्दीत सॅक पुढे घ्यायची सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की दवाखान्यात आल्यावरही ती पाठीवर जात नाही.

"डॉक्टर, तेवढं प्रेशर बघून टाका. भाजी घेऊन घरी जायचंय."

"बसा बाकावर. पाच मिनिटं."

"पाच मिनिटं काय करू?"

"काही करू नका. नुसते बसा."

'पाच मिनिटं काय करू' हा प्रश्न मला जवळजवळ रोज संध्याकाळी ऐकायला मिळतो. बाकाचे नियम साधे आहेत. पाठ भिंतीला टेकवायची. दोन्ही पावलं जमिनीवर, पायावर पाय टाकायचा नाही. सॅक खाली, मोबाइल कंपाउंडरच्या टेबलावर. बोलायचं नाही. लघवीला जायचं असेल तर आधी जाऊन यायचं. नुकताच चहा घेतला असेल किंवा सिगारेट, तंबाखू झाली असेल, तर अर्धा तास जाऊ द्यायचा. मग आत बोलावून, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला ठेवून मी प्रेशर बघतो. यात माझं डोकं काही नाही. रक्तदाब मोजण्याची जगभरची योग्य पद्धत हीच आहे. आपल्याकडे घाईत ती पाळली जात नाही, इतकंच.

पहिलं एक मिनिट माणूस चुळबुळ करतो. हात खिशाकडे जातो, खिशात मोबाइल नसतो. भिंतीवरचं कॅलेंडर वाचून होतं. तिसऱ्या मिनिटाला खांदे खाली येतात, मुठी सैल होतात. घाटकोपरला एका ऑफिसात नोकरी करणाऱ्या एक बाई या बाकावर बसल्या होत्या. त्या आत येऊन म्हणाल्या, "डॉक्टर, पहाटे साडेचारला उठल्यापासून मी आत्ता पहिल्यांदा बसले." मी म्हटलं, "का? गाडीत बसायला नाही मिळालं?" त्या म्हणाल्या, "मिळालं ना. पण तिथे मटार सोलत होते."

आम्ही दोघंही हसलो. पण त्या गेल्यावर ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

हा बाकाचा नियम माझ्याकडे पहिल्या दिवसापासून नव्हता. तो कसा आला हे सांगितल्याशिवाय तुम्हाला चार उपदेशाच्या गोष्टी सांगण्याचा मला अधिकार नाही.

२००३ सालचा पावसाळा. आमचे एक नेहमीचे पेशंट होते. वय चव्वेचाळीस, फोर्टात नोकरी, मुलगी दहावीला. एका संध्याकाळी डोकं जड वाटतंय म्हणून आले. गाडीतून उतरून तडक आले होते, जिना चढल्यामुळे धाप लागली होती. मी लगेच प्रेशर बघितलं. वरचा आकडा १७०, खालचा १०४. मी म्हटलं, "धावत आलात म्हणून असेल. रविवारी सकाळी निवांत या, परत बघू." त्यांना हायसं वाटलं. मलाही वाटलं, कारण बाहेर दहा जण ताटकळत होते.

रविवार त्यांना कधी निवांत मिळाला नाही. पंधरा-वीस दिवसांनी ते पुन्हा आले, तसेच धापा टाकत. पुन्हा तोच आकडा आणि पुन्हा माझं तेच वाक्य. असं तीन वेळा झालं. चौथ्या वेळी त्यांच्या पत्नी आल्या. ऑफिसात जिना उतरताना ते कोसळले होते. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दिवस-कार्य उरकल्यावर त्या आल्या होत्या आणि त्यांना एवढंच विचारायचं होतं, "डॉक्टर, ह्यांचं प्रेशर जास्त होतं का हो?"

मी खरं ते सांगितलं. जास्त होतं, आणि मी ते धावपळीवर ढकललं, हेही सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. थोडा वेळ त्याच बाकावर बसून राहिल्या आणि गेल्या.

वेळेवर औषध सुरू झालं असतं तर ते नक्की वाचले असते, असं मी म्हणणार नाही. पण तशी संधी मिळाली असती. त्यांना मी पाच मिनिटं बसवलं असतं, तर तो आकडा जिन्याचा नाही हे त्याच संध्याकाळी कळलं असतं. आम्ही दोघंही एकच चूक करत होतो. धावपळीला दोष देत होतो आणि धावपळ तशीच चालू ठेवत होतो. त्यानंतरच्या सोमवारपासून बाकाचा नियम सुरू झाला.

आता हा ताण म्हणजे आहे तरी काय, ते थोडक्यात बघू. मुलुंडला डोंगराच्या बाजूला राहणाऱ्या लोकांना बिबट्या काही नवा नाही. पलीकडे बोरिवली, अलीकडे मुलुंड आणि मध्ये साधारण १०४ चौरस किलोमीटरचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. तिथलं चितळ डोळ्यांसमोर आणा. बिबट्याची चाहूल लागली की त्याच्या छातीचे ठोके वाढतात, रक्तदाब वाढतो, रक्त पायांच्या स्नायूंकडे धावतं, रक्तातली साखर वाढते, पचन मागे पडतं. पळायचं किंवा झुंजायचं, याची ही तयारी. अमेरिकेतले वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शरीराच्या या तयारीचा अभ्यास केला. धोका टळला की थोड्या वेळानं चितळ पुन्हा चरायला लागतं. ठोके खाली येतात, पोट पुन्हा आपल्या कामाला लागतं.

आपलं शरीर याच घडणीचं आहे. गाडी सुटायला आली की आपलीही छाती धडधडते. त्यात काही बिघडत नाही. पण गाडी मिळाल्यावर आपण चरायला लागत नाही. आत शिरायची काळजी, मग लेट मार्कची, मग साहेबांची, मग घराच्या हप्त्याची, मग मुलाच्या क्लासची. आपल्याकडे बिबट्या येतो आणि जायचं नाव घेत नाही. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञानं १९३६ साली 'नेचर' या नियतकालिकात एक छोटंसं टिपण लिहिलं. प्रयोगातल्या उंदरांना थंडी, इजा, अतिश्रम, औषधांचा मारा असं वेगवेगळं सोसावं लागलं, तरी त्यांच्या शरीरात होणारे बदल मात्र ठरावीक होते. आधी शरीर खडबडून जागं होतं, मग तग धरतं आणि त्रास थांबलाच नाही तर शेवटी थकतं. आपल्या कामाचा आहे तो हा शेवटचा भाग. ताण चढतो, तो चढणारच. चढला तसा तो दिवसातून एकदा तरी उतरायला हवा.

तो उतरवायचा कसा? त्यासाठी हिमालयात जायला नको. उपनगरातल्या माणसांनीच यावर वेळोवेळी काही वाटा शोधून काढल्या आहेत. यातली पहिली १९१८ सालची आहे. त्या वर्षी मुंबईत इन्फ्लुएन्झानं थैमान घातलं होतं. त्याच वर्षी २५ डिसेंबरला अंधेरीजवळ वर्सोव्याला, समुद्रकाठच्या दादाभाई नौरोजींच्या घरात श्री योगेंद्र यांनी 'द योग इन्स्टिट्यूट' सुरू केली. ही संस्था पुढे सांताक्रूझला गेली. योग हा गुहेतल्या साधूंसाठीच नाही, संसारी माणसाच्या रोजच्या प्रकृतीसाठीही आहे, हा त्यांचा आग्रह होता. आज आपल्याला त्यात नवल वाटत नाही, पण त्या काळी ही मोठी गोष्ट होती.

दुसरी वाट अंधेरीच्याच लोखंडवाला संकुलातली. १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया सकाळी तिथल्या बागेत गेले आणि लोकांना म्हणाले, चला, हसू या. पाच जण जमले. आधी रोज विनोद सांगायचे. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले आणि कुणाला तरी लागतील असे विनोद उरले. तेव्हा त्यांनी विनोदच काढून टाकला आणि श्वासाच्या व्यायामाबरोबर नुसतं हसायला सुरुवात केली. पाच जणांचा तो हास्यक्लब पुढे देशोदेशी पसरला. ओढूनताणून हसणाऱ्या त्या काका-काकूंची मीही पूर्वी थट्टा करायचो. आता करत नाही. रोज ठरलेल्या वेळी घराबाहेर पडणं, चार ओळखीचे चेहरे भेटणं, छाती भरून श्वास घेणं, या तिन्ही गोष्टी मी औषधाच्या चिठ्ठीवर लिहून देऊ शकत नाही. त्या तिथे फुकट मिळतात.

आणि तिसरी वाट खुद्द लोकलगाडीतली. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेनं चर्चगेट ते बोरिवली अशी फक्त महिलांसाठी पहिली लेडीज स्पेशल सोडली. डब्यातल्या मैत्रिणी, हळदीकुंकू, वाढदिवस, निवडलेली भाजी, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. पुरुषांच्या डब्यात भजनी मंडळं आहेत. टाळ वाजतात, कधी सीटच्या पत्र्यावर ठेका धरला जातो. आवाजाचा ज्यांना त्रास होतो त्यांची तक्रारही खोटी नाही. पण गाणाऱ्यांना काय मिळतं, याचा एक धागा मला दूरच्या एका अभ्यासात सापडला. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २००१ च्या डिसेंबरात इटलीतल्या काही डॉक्टरांचा लेख आला होता. त्यांनी लोकांना जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि एक मंत्र म्हणायला लावला. दोन्हींमध्ये श्वास आपोआप संथ होऊन मिनिटाला साधारण सहावर आला आणि हृदयाच्या लयीवर त्याचा चांगला परिणाम दिसला. अभ्यास छोटा होता, अवघ्या तेवीस जणांचा. भजनानं ब्लडप्रेशर बरं होतं असा अर्थ त्यातून कुणी काढू नये. पण लांब ओळ एका दमात म्हणायची तर श्वास सावकाश सोडावाच लागतो, एवढं खरं.

या तिन्ही वाटांमध्ये मला एक गोष्ट सारखी दिसते. त्या ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी होतात आणि म्हणूनच टिकतात. 'उद्यापासून रोज तासभर व्यायाम' असा संकल्प आपण एक जानेवारीला सोडतो आणि मकर संक्रांतीपर्यंत तो तिळगुळासारखा विरघळतो. कारण तो तास दिवसात कुठे बसवायचा हे आपण ठरवलेलंच नसतं. म्हणून मी पेशंटना सांगतो, नवी सवय जुन्या खुंटीला टांगा. तुमच्या दिवसात ज्या गोष्टी न चुकता घडतात, त्या खुंट्या. अशा चार खुंट्या सांगतो.

पहिली खुंटी गाडीची. संध्याकाळी गाडीतून उतरलात की लगेच जिन्याच्या गर्दीत घुसू नका. प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर जागा असेल तर बसा, नसेल तर खांबापाशी बाजूला उभे राहा. गर्दी ओसरू द्या. मनात पाच अंक मोजत श्वास घ्या, पाच अंक मोजत सोडा. मिनिटाला सहा श्वास होतात. अशी पाच मिनिटं. घरी पोचायला पाच मिनिटं उशीर होईल, पण घरी जो माणूस पोचेल तो वेगळा असेल. एका पेशंटच्या मुलानं मला सांगितलं होतं, "डॉक्टरकाका, बाबा आता घरी आले की लगेच ओरडत नाहीत." एवढं चांगलं प्रमाणपत्र मला कुठल्याही औषधानं मिळवून दिलेलं नाही. श्वास कोंडायचा नाही, जोर लावायचा नाही. चक्कर आल्यासारखं वाटलं तर थांबायचं. आणि प्रेशरची गोळी चालू असेल तर ती या पाच मिनिटांच्या भरवशावर बंद करायची नाही.

दुसरी खुंटी जिन्याची. १९५३ साली डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या बसकर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या डबलडेकरमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसून असे आणि कंडक्टर दिवसभरात शेकडो पायऱ्या चढे. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी आढळला. गंमत अशी की पुढे मॉरिस यांनीच या कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापं तपासली. ड्रायव्हरांच्या कमरेचा घेर नोकरीच्या सुरुवातीपासूनच जास्त होता. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येणार नाही. पण हालचाल हृदयाला हितकारक असते, हे त्यानंतरच्या असंख्य अभ्यासांनी पक्कं केलं. आपल्या मुंबईची जुनी डिझेलवरची डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ रोजी अंधेरीच्या आगरकर चौक ते सीप्झ मार्गावर शेवटची धावली आणि निवृत्त झाली. तिचा जिना गेला तरी रेल्वेच्या पुलांचे जिने आहेतच.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्यात किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते. आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास झाला. घर ते स्टेशन पंधरा मिनिटं झपाझप चाललात आणि परत तसेच आलात की हिशेब पुरा. शेअर रिक्षाच्या रांगेत आपण कधी कधी तेवढाच वेळ उभे असतो! झपाझप म्हणजे बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतकं. गुडघ्यांचं किंवा हृदयाचं दुखणं असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. आणि एक हात जोडून विनंती. सुटत्या गाडीमागे धावणं हा व्यायाम नाही आणि रूळ ओलांडणं ही वेळेची बचत नाही.

तिसरी खुंटी डब्याची. घरचा डबा नेणं ही आपली फार चांगली सवय आहे. पण एक वाजताचा डबा तीन वाजता कॉम्प्युटरसमोर उघडला जातो आणि मेल वाचता वाचता संपतो. काय खाल्लं ते संध्याकाळी आठवत नाही. डबा खाताना फक्त डबा खायचा. शक्य असेल तर कुणाबरोबर तरी खायचा. पोळ्यांबरोबर एखादी उसळ आणि काकडी किंवा टोमॅटो असावा. संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या वडापावनं हाक मारली तर कधीमधी ओ द्यायला माझी हरकत नाही, मीसुद्धा देतो. पण भूक लागून अंगात कापरं भरेपर्यंत थांबलात तर एकाचे दोन होतात. पिशवीत मूठभर भाजलेले चणे किंवा एखादं फळ ठेवा. मिठाबद्दल एवढंच, दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाचा एक चमचा, आणि तो सगळ्या खाण्यातला मिळून. लोणचं, पापड, फरसाण, पाकिटातले नूडल्स यांतलं मीठ आपण मोजतच नाही.

चौथी खुंटी अंथरुणाची. मोठ्या माणसाला सात तास तरी झोप हवी. पहाटे पाचला उठणाऱ्यानं रात्री दहाला अंथरुणावर असायला हवं, हे गणित दुसरीतल्या मुलालाही येतं. आपलं चुकतं कुठे, तर अंथरुणावर पडल्यावर मोबाइल हातात येतो. सोसायटीच्या ग्रुपवरचं पाण्याच्या टाकीचं भांडण आपण रात्री पावणेबाराला वाचतो. ते भांडण सकाळी वाचलं तरी टाकीत तेवढंच पाणी असतं. मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. गजरासाठी दीड-दोनशे रुपयांचं घड्याळ आणा. दुपारी चार-पाचनंतरचा चहा-कॉफी कमी करा, कारण त्यातलं कॅफीन तासन् तास अंगात राहतं. 'झोप यायला' म्हणून दारूचा पेग घेणाऱ्यांना सांगतो, त्यानं डोळा लवकर लागतो, पण पुढची झोप मोडते.

हे सगळं सांगणारा मी स्वतः काय करत होतो? दिव्याखाली अंधार. २००४ साली एका रात्री दवाखाना बंद करताना आमचे कंपाउंडर म्हणाले, "डॉक्टर, आज तुम्ही बसा." मी हसून टाळायला बघितलं. त्यांनी माझा मोबाइल काढून घेतला आणि बाकाकडे बोट दाखवलं. पाच मिनिटांनी प्रेशर बघितलं, १५६ वर ९८. सकाळ-संध्याकाळ असं आठवडाभर मोजलं, फारसा फरक नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी माझी गोळी सुरू झाली. त्या बाकावर मी लोकांना बसवत होतो, आणि त्यावर एकदाही न बसलेला माणूस मीच होतो. तेव्हापासून रोज रात्री शटर ओढायच्या आधी मी पाच मिनिटं बसतो. गोळी सुटलेली नाही, सुटावी अशी माझी अपेक्षाही नाही. पण आकडा ताब्यात आहे आणि घरी मी जरा बरा वागतो, असं घरचे म्हणतात.

श्रोतेहो, शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. सगळा ताण सवयींनी उतरत नाही. नोकरी जाण्याची टांगती तलवार, घरातलं मोठं आजारपण, डोक्यावरचं कर्ज, गाडीतली जीवघेणी गर्दी, यांवर पाच मिनिटांच्या श्वासाचा उतारा नाही. तिथे 'तुम्ही टेन्शन घेऊ नका' असं म्हणणं म्हणजे भिजलेल्या माणसाला 'तुम्ही पाऊस घेऊ नका' म्हणण्यासारखं आहे. अशा वेळी ताण वाटून घ्यावा लागतो. घरात सांगा, मित्राला सांगा. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही सेवा २०२२ साली सुरू झाली आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक, तिथे मराठीतही बोलता येतं. मदत मागण्यात कमीपणा नाही.

आणि जिथे घाई करायलाच हवी त्या जागाही ऐकून ठेवा. छातीत दडपल्यासारखं दुखणं, ते हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं, दरदरून घाम, अचानक तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात उचलता न येणं, जीभ जड होणं. तिथे 'गॅस असेल, सकाळी बघू' असं म्हणायचं नाही. १०८ ला फोन करायचा किंवा मिळेल त्या वाहनानं इस्पितळ गाठायचं. आपण एरवी जिथे नको तिथे धावतो आणि इथे मात्र थांबतो.

वयाची तिशी उलटली असेल तर वर्षातून एकदा तरी प्रेशर आणि साखर तपासून घ्या. बसून तपासा. नीट बसवून मोजल्यावरही वेगवेगळ्या दिवशी आकडा १४० वर ९० किंवा त्याहून जास्त येत असेल तर तो धावपळीचा नाही, तुमचा आहे. तो मान्य करा आणि उपचार सुरू करा.

२००३ साली गेलेल्या त्या गृहस्थांची मुलगी आता नोकरी करते, रोज लोकलनं जाते-येते. सर्दी-खोकल्याला ती माझ्याकडेच येते, हा तिचा मोठेपणा. मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी ती आली. मी काही बोलायच्या आत तिनं सॅक खाली ठेवली, मोबाइल कंपाउंडरच्या टेबलावर ठेवला आणि भिंतीला पाठ टेकून बसली. मी आतून बघत होतो. पाच मिनिटं झाल्यावर मी तिला आत बोलावलं. प्रेशर बघितलं. १२२ वर ७८.

आजचं भाषण संपल्यावर लगेच उठू नका. जिथे आहात तिथेच पाठ टेकवा, पावलं जमिनीवर ठेवा. पाच मिनिटं. भाजी नंतर आणता येईल.

नमस्कार.